आधी आणणारा

"हात काढ आता. थरथरू दे त्याला."

अण्णांचा आवाज असा कानाच्या पाळीशी येऊन बसला, की आत्या छप्पन्न वर्षांची राहत नाही. अकरा वर्षांची होते. खालच्या दुकानातलं लांब टेबल, पितळेची पारडी, कानशीचा पिवळा भुगा, आणि तराजूच्या काट्यावर टेकलेलं तिचं बोट. काटा थरथरतो म्हणून तिनं तो धरून ठेवलेला. शेजारी टेबलाला हनुवटी लावून बघणारा धाकटा भाऊ, डोळे काट्याएवढेच टोकदार.

"अगं वेडे, धरलेला काटा काय सांगणार? तो तुझ्याच बोटाचं वजन सांगेल. थरथरत नाही तो काटा अडकलेला समजावा. हात काढ."

अण्णा, आत्याचे वडील, जाऊन खूप वर्षं झाली. दुकान धाकट्याकडे आलं, वरची खोली आत्याकडे राहिली, आणि अण्णांचा आवाज जिन्यातून खालीवर करत राहिला.

त्या आवाजावरच आत्याचं सगळं चाललं होतं. परीक्षांचे दिवस आले की वरच्या खोलीचा जिना भरून जायचा. शाळेची पोरं, कॉलेजची पोरं. कुणाच्या पोटात गोळा, कुणाला प्रश्नपत्रिका पाहिली की अंधारी. पोरं म्हणायची, "ऊर्जा घ्यायला चाललोय." कुणीतरी जिन्यात खडूनं लिहूनही ठेवलं होतं, 'ऊर्जा-उपचार वर'. आत्या स्वतः त्याला हात धरणं म्हणायची. ती तळवे एकमेकांवर घासायची, खांद्यापासून बोटभर अंतरावर धरायची, मग मानेमागे, मग उताण्या तळव्यांवर. अंगाला लावायची नाही. बोलायची नाही. आणि शेवटी पोराचा श्वास खाली उतरला की हळूच म्हणायची, "आता काढते हं." बघणाऱ्याला वाटायचं की उपचार संपला. आत्याच्या लेखी तो तिथं सुरू व्हायचा.

तिचा नियम एकच होता, आणि तो तिनं कुणासाठी मोडला नव्हता: आधी आणणारा बसेल, मग आणलेला. आई घेऊन आली तर आधी आई खुर्चीत. बाप घेऊन आला तर बाप. पोरांनी त्याचं गाणंच केलं होतं, पायऱ्यांवर बसून म्हणायची,

"आधी आणणारा बसे, मग आणलेलं बाळ,
एकाच्या मानेत काटा, दुसऱ्याच्या पोटात जाळ."

आज रविवार होता आणि जिना रिकामा होता. आत्यानं सगळ्यांना परत पाठवलं होतं. आज खुर्चीत घरचंच माणूस बसणार होतं.

मुंगीची परीक्षा उद्या अकराला.

मुंगी म्हणजे धाकट्याची एकुलती एक लेक. रांगायची तेव्हा दुकानातली बारीक वजनं तोंडात धरून घरभर वाहून न्यायची, म्हणून मुंगी. आता बावीस वर्षांची होती आणि वजनमापांच्या शिक्षणसंस्थेत शेवटच्या वर्षाला होती. या घरानं तीन पिढ्या तराजू दुरुस्त केले आणि तीन पिढ्या निरीक्षकाच्या दारात उभं राहून त्यावर शिक्का मारून आणला. मुंगी पास झाली, तर शिक्का घरात येणार होता. लेखी परीक्षेत ती पहिली होती. पण प्रात्यक्षिकात काचपेटीतला नाजूक तराजू समोर आला की तिचा हात थरथरायचा, आणि काटा काही केल्या मधल्या रेघेवर यायचा नाही. एकदा झालं. दोनदा झालं. उद्याची तिसरी वेळ. चौथी वेळ संस्था देत नाही. नाव पटावरून काढतात.

मुंगी आणि तिचे आईबाप आधीच वर आले होते. जिन्यावर जड पावलं वाजली. आत्यानं आवाजावरूनच ओळखलं. थोरला.

*

थोरला भाऊ बत्तीस वर्षं शाळेत होता, त्यातली अकरा मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. निवृत्त झाला तरी घरात सगळे त्याला हेडमास्तरच म्हणत, आणि तोही जिना चढताना पायऱ्या मोजत, कुणी गैरहजर नाही ना अशा थाटात वर यायचा.

"सगळे आहेत? बरं. आता हा प्रकार काय आहे तो मला एकदा समजू दे," तो खुर्चीकडे बोट दाखवत म्हणाला.

"खुर्ची आहे," आत्या म्हणाली. "चार पाय, एक पाठ."

मुंगीच्या आईला हसू आलं, ते तिनं पदरात लपवलं. हेडमास्तरांना ते दिसलं.

"काय हो, तुम्हीसुद्धा? तुम्ही तर तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करता. विज्ञानाचं माणूस तुम्ही."

"मी रक्त काढते, भावोजी," ती म्हणाली. गेल्या महिन्यापर्यंत ती थोरल्यांच्या बाजूची होती. नणंदेच्या खोलीत मुलीला नेणार नाही म्हणाली होती. पण मुंगीनं गेल्या आठवड्यात जेवताना चमचा खाली ठेवला, हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, हा माझा वाटतच नाही." त्या दिवसापासून आईची बाजू कुठली, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. "वीस वर्षं रोज रक्त काढते. तुम्हाला एक सांगू? सुई टोचताना पोर सहसा रडत नाही. पोराला मांडीवर घेऊन बसलेली आई आधी डोळे मिटते, आणि ते पाहून पोर रडतं. ताईंचा नियम मला पटला तो तिथं."

"म्हणजे उपचार पटला?"

"नियम पटला म्हणाले. उपचाराचं बसून बघते." आणि कुणी काही म्हणायच्या आत ती खुर्चीत जाऊन बसली.

आत्यानं तळवे घासले. खोलीत फक्त खालच्या दुकानातल्या घड्याळाचा आवाज. मुंगीच्या आईला आधी काहीच वाटलं नाही. मग मानेमागे ऊब आली, तापलेल्या इस्त्रीची नव्हे, नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या जागेवर असते तशी. आणि तिला अचानक आठवलं की महिनाभर आपल्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. सगळे मुंगीला विचारत होते. जेवलीस का, झोपलीस का. तिचे खांदे कानांपासून दोन बोटं खाली आले. कधी एवढे वर गेले होते, देव जाणे.

"आता काढते हं," आत्या म्हणाली.

मुंगीची आई उठली, नाक पुसलं आणि नवऱ्याकडे वळली. "तुम्ही बसा आता."

मुंगीचा बाप दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. दुकानाचा मालक, गावभर काटेवाला म्हणून ओळखीचा. कामाचा एप्रन तसाच होता, खिशात कानस. "मी कशाला? मुलीला बसव."

"संस्थेत तिला तू नेतोस," आत्या म्हणाली. "दोन्ही वेळा तूच नेलंस, उद्याही नेशील. आणणारा तू."

"ताई, माझे हात कामाचे आहेत. असल्या वाऱ्यावरच्या गोष्टींना वेळ नाही मला."

"हाताचं कोण बोलतंय? बूड टेकव म्हणते."

"नाही म्हटलं ना!" तो एवढ्या जोरात बोलला की मुंगी दचकली आणि तिनं उजवा हात डाव्यानं झाकला. ते सगळ्यांना दिसलं. बापालाही.

हेडमास्तरांनी घसा साफ केला. भांडण मिटवायची त्यांची रीत एकच, नवं भांडण काढायचं. "हे बघ, वाद नको. प्रयोग करू. तुझ्या हातात ऊर्जा आहे म्हणतात ना पोरं? मग सिद्ध कर. खालचा मानाचा तराजू वर आण रे धाकट्या. हिनं हात न लावता पारडं हलवून दाखवावं. नाही हललं, तर जिन्यातलं ते खडूचं अक्षर मी आजच स्वतः पुसणार."

"आणि हललं तर?" मुंगीच्या आईनं विचारलं.

"हलायचं नाही."

"पण हललं तर?"

"तर मी बसतो खुर्चीत!"

मानाचा तराजू म्हणजे काचपेटीतला, धाकट्याच्या परवान्याचा. पस्तीस वर्षांपूर्वी तराजू दुरुस्तीच्या परवान्याच्या परीक्षेत प्रत्येकाला एक बिघडलेला तराजू देत. घरी न्यायचा, रात्रीतून लावायचा, सकाळी परीक्षकापुढे ठेवायचा. धाकट्यानं ठेवला तो असा चोख, की परीक्षकानं शेरा लिहिला, 'हात असावा तर असा.' तो शेरा चौकटीत दुकानात टांगला होता आणि तराजू त्याच्याखाली. घरातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं त्या शेऱ्याच्या साक्षीनं झालं होतं.

धाकटा जागचा हलला नाही. शेवटी मुंगीच खाली गेली आणि काचपेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून वर घेऊन आली. टेबलावर ठेवली. काटा थरथरला, थरथरला आणि मधल्या रेघेवर येऊन उभा राहिला.

आत्यानं काचेचं दार वर सरकवलं. तळवे घासले. उजवा हात डाव्या पारड्याखाली नेला, बोटभर अंतरावर, आणि तसाच ठेवला.

एक. दोन. तीन. हेडमास्तर मनात आकडे मोजत होते. सात. आठ.

पारडं उचललं गेलं. अगदी थोडं, केसाएवढं. पण काटा सरकला. सरकला तो सरकला, परत येईना.

"अरे!" हेडमास्तर खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "अरे, हे काय!"

आणि मग एक आवाज आला, जो या घरात महिनाभर कुणी ऐकला नव्हता. मुंगी हसत होती. आधी नाकातून, मग पोट धरून.

"मोठे काका, तुमचं तोंड! अहो, ऊब आहे ती! आत्याचा हात गरम आहे. हवा तापली की वर जाते, जाताना पारड्याला खालून ढकलते. पहिल्या वर्षाला शिकवतात हे. नाजूक तराजूजवळ हात न्यायचा नाही, श्वाससुद्धा बाजूला सोडायचा."

"म्हणजे ऊर्जा नाही?"

"ऊब म्हणजे ऊर्जाच की, काका. विज्ञानाच्या पुस्तकात तेच लिहिलंय."

हेडमास्तरांनी बहिणीकडे बघितलं. "तू एवढी वर्षं पोरांना हेच देतेस? नुसती ऊब?"

"मी आणखी काही देते असं कधी म्हटलं?" आत्या हात मागे घेत म्हणाली. "पेपर पोरंच लिहितात, दादा. मी फक्त हात धरते आणि काढते. तू बोलला होतास, बस आता खुर्चीत."

हेडमास्तर बसले. काय करणार, शब्द दिला होता. आणि दोन मिनिटांत, बत्तीस वर्षं वर्गाला झोपू न देणारा तो माणूस मान टाकून घोरायला लागला. मुंगीची आई आणि मुंगी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसल्या.

दाराच्या चौकटीत मात्र कुणी नव्हतं. धाकटा खाली निघून गेला होता.

*

दुकानात तो टेबलाशी उभा राहिला. मानाच्या तराजूची जागा रिकामी होती. धुळीत चौकोनी स्वच्छ ठसा. त्याच्यावर चौकट. 'हात असावा तर असा.'

कुणाचा हात?

परवान्याच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्याचे हात असे थरथरत होते, की कानस दोनदा खाली पडली. अण्णा अंथरुणाला खिळलेले, थोरला परगावी शिकायला. तो या टेबलाखाली बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून, वीस वर्षांचा बाप्या. ताई आली. काही बोलली नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, नुसता जवळ धरला, बोटभर अंतरावर. मग कानस उचलून टेबलाशी बसली. तो टेबलाखालूनच तिचे पाय बघत राहिला. उजाडायला आलं तेव्हा ती म्हणाली, "झालं. ने." तिनं हात धुतले. पाण्यातून पितळेचा पिवळा भुगा वाहून गेला. बाईमाणसाला त्या काळी परवाना नव्हता, परीक्षेला बसूच देत नव्हते. मग सांगून काय करायचं? म्हणून ती बोलली नाही. आणि तो बोलला नाही, कारण आधी लाज होती, मग सवय झाली, मग ती चौकट झाली. पुढं तो मन लावून शिकला, हात बसला, कामात कुणी बोट दाखवावं असं काही उरलं नाही. फक्त वरच्या खोलीत गेलं की तो चिडायचा. ताईच्या हातांची टिंगल करायचा. तिचे हात त्याला बघवत नसत.

आणि मुंगीला संस्थेत सोडताना दोन्ही वेळा त्यानं तिच्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं, "आपल्या घराण्याचा हात आहे हा. थरथरता कामा नये." काटा धरून ठेवला होता त्यानं. अण्णा असते तर काय म्हणाले असते?

तो पायऱ्या चढून वर आला. हेडमास्तर खुर्चीत घोरतच होते. त्यानं शेजारचं स्टूल ओढलं आणि बसला.

"स्टूल चालेल?" त्यानं विचारलं.

"चालेल," आत्या म्हणाली.

तिनं हात त्याच्या मानेमागे धरले. त्याचे स्वतःचे हात मांडीवर होते, आणि ते थरथरायला लागले. उघड, सगळ्यांच्या देखत. त्यानं ते लपवायला मूठ वळली.

"सोड," आत्या हळूच म्हणाली. "थरथरू दे."

त्यानं मूठ उघडली. मुंगी समोर बसून बापाचे हात बघत होती, जन्मात पहिल्यांदा बघावेत तसे.

"बाबा, तुमचेपण?"

"हो गं," तो म्हणाला. एवढंच बोलून थांबला. पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं. त्यानं वर ताईकडे बघितलं. ताईनं नकाराची मान हलवली, इतकी बारीक की दुसऱ्या कुणाला दिसली नसती. उद्या पोरीची परीक्षा. आज घराचा पाया हलवू नकोस.

मग मुंगी बसली. आत्यानं तिचे तळवे उताणे ठेवले आणि वर आपले धरले. गुणगुणली, अर्धं ओठांत, अर्धं बाहेर,

"थरथरला गं काटा, नको लावू त्याला बोट,
खऱ्या वजनाशी बाई, त्याची तिथेच होते भेट."

"आता काढते हं."

"काढ," मुंगी म्हणाली. पोरांपैकी आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं.

*

परीक्षेची खोली मुंगीला पाठ होती. उंच खिडक्या, काळं टेबल, टेबलावर काचपेटी. तीन परीक्षक. मधला जाडजूड, मिशीवाला, दरवेळी चहाचा कप हातात घेऊन अगदी जवळ उभा राहणारा. प्रेमळ होता खरं तर. "सावकाश, बाळ," असं दर दोन मिनिटांनी म्हणायचा, आणि प्रत्येक 'सावकाश'बरोबर मुंगीचे डोळे पुन्हा स्वतःच्या हाताकडे जायचे.

फाटकापाशी आज बापानं तिच्या हातावर हात ठेवला नव्हता. म्हणाला होता, "थरथरला तर थरथरू दे. मी इथंच आहे."

तिनं दांडी उतरवली, टेकूची धार तपासली, एका बाजूचा बारीक चरा कानशीनं काढला, पारडी पुसली, परत चढवली. हात थरथरत होताच. तिनं त्याला थरथरू दिलं. चिमट्यानं वजन ठेवलं. हात बाहेर घेतला.

काटा रेघेवर येईना.

झालं. तिसरी वेळ. डोळे सवयीनं हाताकडे गेले. आणि तिनं ते ओढून काट्याकडे आणले.

काटा थरथरत नव्हता.

थरथरतो तो दोन्हीकडे जातो. डावीकडे, उजवीकडे, पाळण्यासारखा. हा तर एकाच अंगाला ओढला जात होता, सरकत होता आणि तिथंच राहत होता. असा सरकणारा काटा तिनं कालच पाहिला होता. मोठ्या काकांचं तोंड उघडं पडलं होतं तेव्हा.

हा माझा हात नाही. ही कुणाची तरी ऊब आहे.

तिनं डावीकडे बघितलं. काचपेटीच्या डाव्या दाराशी, जिथून ती वजन ठेवत होती तिथंच, टेबलावर चहाचा कप होता. वाफ निघत होती. कपामागं मिशीवाले परीक्षक ओणवे होऊन श्वास सोडत होते. गेल्या दोन्ही वेळी हा कप इथंच होता का? तिला आठवेना. कप ते कुठं ठेवतात, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. ती आपल्या हाताकडे बघत होती.

"सर," ती म्हणाली. आवाज चिरकला. तिनं पुन्हा सुरुवात केली. "सर, जरा मागे व्हाल का?"

"काय?"

"मागे. दोन पावलं. आणि तो कप पलीकडच्या टेबलावर ठेवायला हवा. दार बंद करून दहा मिनिटं थांबावं लागेल. डाव्या बाजूची हवा तापली आहे, पारडं उचललं जातंय. आत्ता मी जो आकडा सांगेन तो वजनाचा नसेल, तुमच्या चहाचा असेल."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या चष्मेवाल्या परीक्षक बाई कागदावर काही लिहीत होत्या, त्यांचं पेन थांबलं. मिशीवाल्यांनी कपाकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, आणि मांजर पाटावरून उतरावं तसे हळूच दोन पावलं मागे गेले. कप बरोबर नेला.

दहा मिनिटं. मुंगी हात मांडीवर उताणे ठेवून बसली. ते थरथरत होते आणि तिची काही तक्रार नव्हती. काटा परत फिरला. दोन्हीकडे झुलला. डावीकडे, उजवीकडे, थोडा कमी, आणखी कमी. आणि मधल्या रेघेवर येऊन उभा राहिला, जसा दमून घरी आलेला माणूस उंबऱ्यात उभा राहतो.

तिनं तीन आकडे सांगितले. एकाही आकड्यात धुळीएवढी चूक नव्हती.

परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "तीस वर्षांत इथं परीक्षकाला मागे सरकवणारी तू पहिली," त्या म्हणाल्या. "निरीक्षकाला नेमकं हेच करता यायला हवं."

"मला वाटायचं ही पोरगी घाबरते," मिशीवाले ओशाळून म्हणाले.

"घाबरते, सर," मुंगी म्हणाली. "अजूनही."

*

संध्याकाळी दुकानाचं दार सताड उघडं होतं. जिन्यावरची पोरं आज खाली टेबलाभोवती जमली होती. मुंगीची आई प्रयोगशाळेतून तशीच आली होती, पांढऱ्या कोटात, आणि लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून नुसती "गं, गं" करत होती. "परीक्षकाला? मागे हो म्हणालीस?" या प्रश्नावर मुंगीला सगळं सातव्यांदा सांगावं लागलं, आणि सातव्या वेळी मिशीवाल्यांच्या मिशा कोपरापर्यंत वाढल्या होत्या.

टेबलावर मानाचा तराजू परत आपल्या जागी आला होता. शेजारी संस्थेचा कागद, त्यावर गोल शिक्का.

आत्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. तिला गर्दी फारशी आवडायची नाही. तिथून सगळं दिसत होतं आणि कुणाचा धक्का लागत नव्हता.

हेडमास्तर उभे राहिले. भाषण होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते सकाळपासून मनात तयार होतं.

"आज आपल्या अण्णांना काय वाटलं असतं!" त्यांनी सुरुवात केली. "मुलांनो, ही चौकट बघा. 'हात असावा तर असा.' पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या या धाकट्या भावानं हा तराजू लावला. एका रात्रीत! त्याचाच हात आज लेकीत उतरला. खाण तशी माती! बापाचा हात..."

"दादा, थांब."

धाकटा मोठ्यानं बोलला नव्हता. पण पोरांची कुजबुज बंद झाली. त्यानं एप्रन काढला, घडी केली, टेबलावर ठेवला. मग चौकट भिंतीवरून उतरवली. खिळा तेवढा राहिला.

"धाकट्या, नको," आत्या पायरीवरून म्हणाली. "खूप दिवस झाले त्याला."

"दिवस झाले म्हणूनच, ताई." त्याचे हात थरथरत होते आणि चौकटीची काच त्यांच्यात बारीक वाजत होती. त्यानं ती थांबवली नाही. वाजू दिली. गर्दीतून वाट काढत तो जिन्यापाशी आला आणि चौकट बहिणीच्या मांडीवर ठेवली.

"मी त्या रात्री टेबलाखाली बसलो होतो," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तराजू हिनं लावला. सगळा. मी सकाळी फक्त वाहून नेला. पोरीत माझं काही उतरलं असेल तर ती थरथर. हात तुझा आहे, ताई."